दोन दारांचं दुकान

आमचं कापडाचं दुकान कोपऱ्यावर होतं. एक दार मेन रोडवर, दुसरं भाजी मंडईच्या गल्लीत. याचं कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मग टाळेबंदी थोडी सैल झाली आणि आदेश निघाला, मेन रोडची दुकानं सोमवार-बुधवार-शुक्रवार, गल्ल्यांमधली मंगळवार-गुरुवार-शनिवार.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सहाही दिवस दुकान उघडलं. एक दिवस हे शटर, दुसऱ्या दिवशी ते. लग्नाच्या बस्त्यांचा हंगाम बुडाला होता. भरून ठेवलेल्या साड्यांवर उन्हाळाभर कुलूप होतं. नगरपालिकेचा माणूस आला. एका दारानं आत शिरला, दुसऱ्यानं बाहेर पडला, पुन्हा उलटा आला. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. साहेबांनाही वर विचारावं लागलं असावं, कारण उत्तर आलं नाही.

उत्तर गुरुजींकडे होतं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, अप्पांचे चाळीस वर्षांचे मित्र. सकाळी दहाला यायचे. ते 'जय भीम' म्हणायचे, अप्पा आम्हा लिंगायतांचं 'शरणार्थ' म्हणायचे आणि दिवसातलं गोड बोलणं तिथं संपायचं. मग गुरुजी पेपर मोठ्यानं वाचायचे आणि दोघं भांडायचे.

"दुकान एक आहे," गुरुजी म्हणाले. "तीन दिवस."

"दारं दोन हायत," अप्पा म्हणाले.

गुरुजींनी स्वतःपुरता निकाल दिला. पाटी मेन रोडवर, म्हणून दुकान मेन रोडचं. मंगळवार-गुरुवार-शनिवारी ते दुकानात पाय ठेवत नसत. गल्लीच्या पलीकडे, बंद पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून तिथून पेपर वाचत. भांडण चालूच असे, फक्त आवाज वाढवावा लागे. मधून भाजीच्या गाड्या जात.

"रोग मुंबईत, अन् कुलूप माझ्या दुकानाला!" अप्पा ओरडायचे.

"रोग काय पत्ता विचारत येतो का?"

"तुमचं काय जातंय गुरुजी? तुमची पेन्शन कधी क्वारंटाईन झाली का?"

"आपल्या तालुक्याचा नवा जिल्हा करा म्हणून दर वर्षी दोन दिवस दुकान बंद ठेवत होतात. तेव्हा नाही धंदा बुडाला?"

"तेव्हा मी बंद ठेवलं होतं. आता बंद केलंय."

यावर गुरुजींनी पेपरचं पान उलटलं. जिल्हा अजून झालेला नाही.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कॉलेज बंद होतं, म्हणून पास काढून घरी आले होते. आत बसून साड्यांच्या घड्या घालत हे सगळं ऐकायची. एकदा अप्पांना विचारलं, एवढा ताठ माणूस तुम्हाला चालतो कसा? त्यांनी दुष्काळाचं सांगितलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावात टँकर यायचा. घराला दोन घागरी, हा नियम गुरुजींनीच घालून दिला होता. एके दिवशी त्यांची बायको तिसरी घागर घेऊन आली. गुरुजींनी ती सगळ्यांदेखत रिकामी परत पाठवली.

"महिनाभर घरात बोलत नव्हती ती," अप्पा म्हणाले. "लई अवघड माणूस हाय. पण मापात मारणार न्हाई." कापडवाल्याच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. सकाळी पूजेला बसले, उठले नाहीत. हार्ट, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. फोनवर लोक आधी 'कोरोनानं का' विचारत आणि 'हार्टनं' म्हटलं की बरं झालं म्हणत. आम्हीही 'हो' म्हणत होतो. आमच्यात अग्नी देत नाहीत, बसवून समाधी देतात. ते तरी नीट करता येणार होतं.

अंत्यविधीला वीस माणसं, असा नियम होता. पोलीस होता, पण तो लांब सावलीत होता. बेल आणि विभूती वाहून एकेकानं मूठमूठ माती टाकायची होती. तेवढ्यात मला स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर गुरुजी दिसले. पांढरा सदरा, दोन मास्क, हातात बेलाची पानं. काका त्यांना बोलवायला गेले.

"या की गुरुजी आत."

"आत वीस आहेत."

"कोण मोजतंय इथं?"

"मी मोजलेत."

काका परत आले आणि म्हणाले, "वरून देव आला तरी हे यायचे न्हाईत." सगळे थांबले होते. अप्पांच्या खांद्यापर्यंत माती आली की पुढे कुणासाठी थांबता येणार नव्हतं. गुरुजी तसेच परत गेले असते, आणि पुढची सगळी वर्षं नियम बरोबरच होता असं म्हणत राहिले असते.

माझी माती टाकून झाली होती. मी चालत फाटकाबाहेर गेले.

"आत एकोणीस आहेत," मी म्हणाले.

गुरुजींनी आत पाहिलं. ओठ न हलवता पुन्हा मोजलं असावं. मग चपला काढून गेले.

मी फाटकाबाहेर उभी राहिले. ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, बेल वाहिला, माती टाकली आणि बोलू लागले. बराच वेळ बोलत होते. काय ते मास्कमुळे कुणालाच ऐकू गेलं नाही. नंतर मी काकांना विचारलं.

"काय की," काका म्हणाले. "हात करू करू बोलत होते. भांडतच असतील."

गुरुजी परत आले तेव्हा मी आत जायला पुढे झाले. त्यांनी हात आडवा केला.

"थांब," ते म्हणाले. "आधी मला पूर्ण बाहेर येऊ दे."