गच्चीवरच्या गाद्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच—आणि ऐकण्याचा पहिला हक्क तिचा आहे. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या सकाळी तुम्ही माझ्यासमोर चहाला बसणार नाही. म्हणजे बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

प्रज्ञा लग्न होऊन बिबवेवाडीत आमच्या घरी आली आणि वर्षभरात तिला शिंका सुरू झाल्या. सकाळी अंथरुणं झटकायला घेतली की एकामागून एक. नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे. आई म्हणायची, "काम दिसलं की हिला शिंका येतात." आणि मी? मी त्यावर कडी करायचो. "उठा सगळे, तोफांची सलामी सुरू झाली!" पाहुणे हसायचे, आई हसायची. प्रज्ञाही हसायची, नाकाला पदर लावून. माझ्या तिरकस बोलण्याचं नातेवाइकांत फार कौतुक होतं. पुण्यात ते लवकर होतं.

पौर्णिमेला विहारात वंदना तीच सांगायची. आवाज असा, की मागे बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा सुरात यायच्या. पुढे पुढे एका दमात ओळ पुरी होईना. मध्येच थांबायची, खोकायची. शेवटी मीच तिला स्वारगेटजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं—एवढं मात्र केलं. त्यांनी हातावर बारीक टोचून चाचणी घेतली. तेवढ्यात आईचा फोन आला, म्हणून प्रज्ञा रिक्षाने घरी गेली. डॉक्टरांचं सांगणं ऐकायला मी एकटाच थांबलो.

त्यांनी नीट समजावलं. गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीवर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेचा हिला त्रास होतो. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेनची खोळ घाला. चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. फरशी ओल्या फडक्याने पुसा. "आणि झाडणं, झटकणं, गाद्या बडवणं त्यांनी करायचं नाही. अहो, तुम्ही आहात ना घरात?"

होतो की. घरातच होतो.

घरी येऊन मी काय सांगितलं असेल? "ॲलर्जी आहे म्हणाले, पुण्याच्या हवेची. गोळी घ्यायची रोज." बस्स. आई म्हणाली, "हवा काय हिला एकटीलाच लागते?" मी हसलो.

का? आईसमोर केरसुणी हातात धरायची? ज्या शिंकांवर इतके हशे मिळवले, त्या खऱ्या होत्या असं चारचौघांत कबूल करायचं? निदान खोळी तरी आणायच्या—पण मग खोळी कशाला, हा प्रश्न आला असता. त्यापेक्षा गोळी सोपी होती. गोळी तिलाच घ्यायची होती.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन निघतं. गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या आणि काठीने बडवायच्या. जुन्या, जड, कापसाच्या गाद्या. दरवर्षी प्रज्ञाच बडवायची, तोंडाला ओढणी बांधून. मी त्या वर नेऊन द्यायचो—त्याला आमच्याकडे मदत म्हणायचे—आणि दारातल्या सावलीत उभा राहायचो. उन्हात ती धूळ स्वच्छ दिसायची. ती काय श्वासात घेतेय हे त्या गच्चीवर एकट्या मला ठाऊक होतं. जयंतीला पांढरी साडी नेसून ती विहारात मागच्या रांगेत बसायची. वंदना आता दुसरी कोणी सांगायची. मी पुढे, पुरुषांत. मागून येणारा तिचा खोकला मला ओळखू यायचा.

मग आई गेली. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? आता आईचा धाक नव्हता. खरं तर तो कधीच फारसा नव्हता. आईच्या नावावर मी माझा आळस खपवला, आणि माझे विनोद सांभाळले.

गेल्या पावसाळ्यात जिना चढताना प्रज्ञाचा श्वास अडकला. आता दमा आहे, पंप आहे. नव्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि तेच सगळं सांगितलं—खोळी, गरम पाणी, ओलं फडकं. परत येताना रिक्षात प्रज्ञा म्हणाली, "तेव्हाच्या डॉक्टरांनी गाद्यांचं कसं नाही हो सांगितलं? ते तर हवेची म्हणाले होते."

मी म्हणालो, "त्यांना तरी तेव्हा कुठे एवढं ठाऊक होतं!"

"हो ना," ती म्हणाली. "बिचारे."

आता घरातलं झाडणं-पुसणं मी करतो. चादरी मी धुतो. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझा दाखला देतात. प्रज्ञाही माझं कौतुक करते, आणि मी ते ऐकून घेतो.

परवाच्या पौर्णिमेला विहारात मुलींनी तिला आग्रह केला, काकू, आज तुम्ही वंदना सांगा. ती नको म्हणाली, दम पुरत नाही. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आमच्या तोफा थंडावल्या आता."

सगळे हसले. मीही हसलो.