‘त्यांनी’ म्हणजे सुधा

“सुधा झोपेतच गेली गं...” वसंतरावांनी, तिच्या नवऱ्याने, फोनवर एवढंच सांगितलं. त्याला महिना होऊन गेला. दुःख थोडं निवळलंय. शोकसभेत आलेली शिसारी मात्र जात नाही.

सुधा परब माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. सिव्हिल इंजिनिअर, पूल बांधणारी. वसंतराव शाळेत भूगोल शिकवायचे, लवकर घरी यायचे, म्हणून स्वयंपाक त्यांच्याकडे. मुलुंडच्या त्या घरात मी कायम त्यांच्याच हातची आमटी खाल्ली. एकदा घाटकोपरला नाल्यावरच्या पुलाचा खांब कच्चा निघाला. सुधाने काम बंद पाडलं. अहवालात होतं, ‘परब यांनी पाहणी केली. त्यांनी काम थांबवलं.’ दुसऱ्या दिवशी ठेकेदार तिच्याच टेबलासमोर येऊन बसला.

“मॅडम, परबसाहेब कधी येणार?”

“मीच परब.”

“तुम्ही नाही हो, ज्यांनी काम थांबवलं ते!”

मला हे सांगताना ती हसत नव्हती. “एवढ्याशा ‘त्यांनी’त यांना मिशी कुठून दिसते गं?” खांब मात्र तिने पाडायलाच लावला.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये होती. मी लिहून दिलेलं सेक्रेटरींनी वाचलं : ‘सुधा परब लग्नानंतर वसंतरावांसोबत मुलुंडला आल्या. त्यांनी उपनगरांत अनेक पूल उभारले.’ वाचून संपलं आणि शेजारचे एक वकील थेट वसंतरावांचा हात धरून म्हणाले, “काका, एवढे पूल बांधलेत आणि कधी बोलला नाहीत! काकूंची साथ होती म्हणा.” हार तिच्या फोटोला आणि कौतुक यांचं... वसंतरावांनी माइक घेतला. “पूल हिने बांधले. मी पोळ्या केल्या.” लोक चक्क हसले. त्यांना तो विनोद वाटला.

सेक्रेटरी मला म्हणाले, “तुम्ही ‘त्यांनी’ लिहिलंत ना मॅडम. कुणालाही साहेबच वाटणार.”

“त्याच्या आधी ‘आल्या’ कोण होत्या?”

ते वेफर्सच्या बशीकडे वळले. मला इतकी किळस आली की चहाला हात न लावता मी उठले.

परवा घरी गेले, तर वसंतराव दारात बसून सुधाचे साइटवरचे बूट पुसत होते. टाचेला वाळलेलं सिमेंट तसंच होतं. मी नखाने खरवडायला गेले.

“राहू दे,” ते म्हणाले, “ते तिचं काम आहे.”