नाचणगावचे रोडगे

देवळीच्या एका शाळेत लिपिक असलेले बबनराव लग्नाच्या पंगतीत कधी बसलेले दिसत नसत. पोचले की बाह्या सारायच्या, वरणाची बादली उचलायची आणि ओळीतून फिरायला लागायचं. खरी गोम वेगळीच होती. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. शिवाय तो जेवतो सगळ्यांच्या शेवटी, तोवर तुपाच्या वासानेच अर्धी भूक मेलेली असते. लोक याला सेवाभाव म्हणत, आणि बबनराव म्हणू देत.

सहा वर्षांपूर्वी त्यांचं वजन शहाण्णव किलो होतं, आता एकाहत्तर. त्यात जादू काही नव्हती. सकाळी तासभर चालणं, रात्रीचं जेवण आठच्या आत, दोन भाकरी झाल्या की तिसरीला हात नाही. गावाने मात्र त्यांना शुगर झाल्याचं परस्पर ठरवून टाकलं होतं. आपल्याकडे माणूस आजाराशिवाय वाळतच नाही.

ही उतरवण्याची दुसरी खेप होती. त्याआधी एकदा ते अठ्ठ्याहत्तरवर आले होते. मग पुतण्याच्या लग्नात सात जिलेब्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मनाने कौल दिला, ‘काल मोडलंच आहे, तर आजही होऊ दे.’ बुडत्याचा पाय खोलात. दीड वर्षात पुन्हा शहाण्णव, आणि गुडघे असे की शाळेचा जिना दोनदा थांबून चढावा लागे. पोरं मागून नक्कल करत. त्या दिवसांची त्यांना लाज वाटे, आणि ते परत येतील याची भीती वाटे. बादली त्या भीतीपायी होती.

यंदा त्यांच्या लेकीचं, वल्लरीचं, लग्न झालं आणि नाचणगावहून व्याही पुंडलिकरावांचं पाहुणचाराचं बोलावणं आलं. बेत रोडग्यांचा. कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले.

“तिथं नाई-नाई करू नका बरं. पोरीचं सासर हाये,” यशोदाबाईंनी नवऱ्याला बसमध्येच बजावलं.

भावकी जमली होती, पाट मांडले होते. बबनरावांचा हात सवयीने बादलीकडे गेला, तर पुंडलिकरावांनी ती काढूनच घेतली.

“व्याही कुठं वाढत असते का जी? बसा तुमी!”

बसले. एक रोडगा झाला, दुसरा झाला. दाराशी उभी असलेली वल्लरी बापाच्या ताटाकडे बघत होती. त्यांनी तिसराही घेतला. तो मात्र लेकीसाठी घेतला असं म्हणता येणार नाही. वांग्याच्या भाजीबरोबर तो त्यांनी अगदी मनापासून खाल्ला.

मुक्काम झाला. सकाळी जाग आली तीच धास्तीने. तरी पायात चपला घालून ते पुलगावच्या बाजूला तासभर चालून आले. परतले तर विहीणबाई हर्षाताईंनी कालचे रोडगे तव्यावर परतून, वर तूप सोडून, दोघा व्याह्यांपुढे मांडले.

“घ्या जी,” पुंडलिकराव म्हणाले. “काल तीन झाले, आज एकानं काय होते?”

मागच्या खेपेला बबनरावांनी स्वतःची समजूत घातली होती ती जवळजवळ याच शब्दांत. यशोदाबाई डोळ्यांनी खुणावत होत्या. बबनरावांनी ताट हाताने थोडं पुढे सारलं.

“व्याही, काल मन भरून जेवलो,” ते म्हणाले. “आज भूक नाई. मले नुसता चहा द्या, बिनासाखरेचा.”

मग हर्षाताईंनी त्यांच्यापुढचं ताट उचललं, आणि त्याबरोबर नवऱ्यापुढचंही.

“आयका जरा! डॉक्टर दोन वर्षांपासून तुमाले हेच सांगून राह्यला.”

वल्लरी आधी हसली. मग यशोदाबाईही.

सोमवारी बबनराव देवळीच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर चढले. बहात्तर. किलोभर वाढलं होतं. ते उतरले आणि शाळेत गेले. मागच्या खेपेला, पुतण्याच्या लग्नानंतर, ते चौदा महिने काट्याकडे फिरकलेच नव्हते.