आज कोण कुठे

इथे लखनौला एका फौजी दवाखान्यात मी वॉर्ड पुसते. तिथल्या मेट्रन मॅडम मोठ्या अधिकारी आहेत, तरी नव्या सिस्टरांना चादरीचा कोपरा अजून स्वतः दुमडून दाखवतात. केरळच्या आहेत, हिंदी सावकाश बोलतात. कुणी पेशंटला नंबराने हाक मारली की म्हणतात, "बेटा, बुखार खाट को नहीं आता. नाम पूछो."

एका सकाळी दोन जवानांनी पंख्याखालच्या जागेसाठी आपसात खाटा बदलल्या. ते मी पाहिलं होतं. थोड्या वेळाने एक नवी सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि नुसता नंबर बघून झोपलेल्या जवानाचा दंड पुसू लागली. मी फडका टाकून तिचा हात धरला. "सिस्टर, ये वो नहीं है."

"आप पोछा लगाइए," ती म्हणाली.

मॅडम दारातच होत्या. त्यांनी जवानाला उठवून नाव विचारलं आणि इंजेक्शन काढून घेतलं. सिस्टर रडायला लागली, तर म्हणाल्या, "सिखाया मैंने है, तो गलती मेरी भी है. अब इनसे सीखो."

मला वाटलं, तेवढ्यापुरतं बोलल्या असतील. पण आता रोज राउंडच्या आधी मॅडम सगळ्या सिस्टरांना घेऊन माझ्या बादलीपाशी थांबतात.

"बताइए, आज कौन कहाँ है?"

मी एकेका खाटेकडे बोट दाखवून नावं सांगते. पहिले काही दिवस मॅडमना वाकून ऐकावं लागायचं. आता शेवटच्या खाटेवरचा जवानही आपलं नाव ऐकून हात वर करतो.