ताईची ओटी

माझी थोरली बहीण माझ्याकडे कायमची राहायला आली होती, आणि मी तिला चार तासांत परत पाठवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे कितीही गोड लिहिलं तरी ते बदलणार नाही.

मी बुलढाण्यात घरगुती तंटे ऐकायचं काम करते. बाईचं कसं ऐकावं हे नव्या मुलींना शिकवतेही. घड्याळाकडे बघू नका, मध्ये तोंड घालू नका, ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. टाळ्याबिळ्या मिळतात.

ताईचं सासर सोनाळ्याचं. आईवडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझंच घर. त्या दिवशी ना सण ना वार, खामगावला गाडी बदलून ती अकराच्या सुमारास दारात उभी. हातात दोन पिशव्या. एकीत मुगाच्या वड्या, दुसरीत गोधडी. मला हसूच आलं.

"ताई, माझ्या घरी पांघरूण नाही काय?"

"तुह्या गावाले थंडी लय राह्यते वं," ती म्हणाली.

मार्च संपत आला होता. तेव्हा मला ते सुचलं नाही.

चहा झाल्यावर मी पोळ्या लाटायला घेतल्या. ती म्हणाली, "मन नाही लागून राह्यलं वं मले तठी." मी म्हटलं, "या वयात सगळ्यांचंच तसं होतं." तेवढ्यात फोन वाजला. कामातलीच एक बाई, रडत होती. मी गॅस बंद केला, खाली बसले आणि अर्धा तास नुसतं "हं, बोला" करत राहिले. ताई समोर बसून बघत होती.

"किती चांगलं ऐकते वं तू लोकायचं," फोन ठेवल्यावर ती म्हणाली. मी खूश झाले. मेली अक्कल माझी!

जेवताना तिने पुन्हा सुरुवात केली, "तुहे भाऊजी आजकाल..." मी आमटी वाढत म्हटलं, "भाऊजींचा स्वभाव काय आजचा आहे?" ती हसली आणि पानातलं मुकाट्याने संपवू लागली.

तीनची गाडी चुकली तर खामगावहून सोनाळ्याची गाडी सापडत नाही. म्हणून मी अडीचलाच तांदूळ, नारळ, खण काढून ठेवले. आमच्याकडे ओटी भरली की पाहुणी निघाली. त्यानंतर बाई पुन्हा टेकत नाही. मी हळदीकुंकू लावलं. ताईने पदर पसरला नाही.

"आजच भरून राह्यली काय वं?"

"मग कधी भरू? गाडी चुकेल ना!"

तिने पदर पसरला. स्टँडवर गोधडीची पिशवी मीच उचलली आणि गाडीत नीट वर ठेवून दिली. मोठ्या बहिणीला ओझं उचलू दिलं नाही, याचंही मला कौतुक वाटलं.

पावसाळ्यानंतर आमच्या मुलींनी ताईच्या तालुक्यात, संग्रामपूरकडे शिबिर घेतलं. तिथले अर्ज माझ्याकडे सहीला आले. एका अर्जावर ताईचं नाव होतं. नवरा मारतो, दोन वर्षांपासून. वर्ष सहा महिने नव्हे, दोन वर्षं. खाली एक प्रश्न होता, मीच हट्टाने घालायला लावलेला: माहेरी आधार कोणाचा? पुढे मुलीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, कोणाचाही नाही.

"नीट विचारलं होतंस?" मी त्या मुलीला म्हटलं.

"दोनदा विचारलं मॅडम. बहीण, भाऊ कोणीच नाही म्हणाल्या. पण बाकी सगळं मोकळेपणाने बोलल्या, दीड तास. तुम्ही शिकवलं तसंच केलं मी. मध्ये एकदाही बोलले नाही."

तिला शाबासकी हवी होती. मी दिली. मग अर्जावर सही केली.