खिशातले ज्याचे त्याला

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या त्या दुकानात बावीस वर्षे एकच काम करणाऱ्या गृहस्थाला सगळे खिसेकाका म्हणत. कपडा यंत्रात जाण्यापूर्वी त्याचे खिसे तपासायचे, सापडेल ते पाकिटात घालायचे, पाकिटावर यादी लिहायची आणि ती गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवून सही घ्यायची. एकदा त्यांनी एक अंगठी परत केली होती. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्या चौकटीत बसून काउंटरमागे टांगल्या गेल्या, आणि तेव्हापासून काकांच्या प्रामाणिकपणाला कंठ फुटला.

मुख्याध्यापकांचा कोट न्यायला त्यांच्या पत्नी आल्या, तेव्हा काकांनी वाचले, "खडू एक. सिनेमाची तिकिटं दोन, मंगळवार, दुपारचा खेळ."

"मंगळवारी तर यांची मीटिंग होती!"

"ते यादीत नाही, बाई. सही इथे."

मुख्याध्यापक त्यानंतर समोरच्या दुकानात जाऊ लागले. त्यांच्यामागून डॉक्टर गेले, वकील गेले. काकांच्या घरचे कपडे तर आधीपासूनच तिकडे जात. सूनबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो निर्णय घेतला होता.

"काका, गुपचूप खिशात परत टाकत जा ना," मालक काकुळतीला येत.

"टाकणं वेगळं, परत करणं वेगळं."

मालकांना भांडण जमत नसे. शेवटी त्यांनी पत्र लिहिले, पण ते हातात द्यायचे धैर्य होईना म्हणून अकरा दिवस कोटाच्या आतल्या खिशात फिरवले. बाराव्या दिवशी सकाळी मालकीणबाईंनी तो कोट उचलून धुवायला पाठवला.

काकांना त्यात एक फणी सापडली आणि स्वतःच्या नावाचे पत्र. यादी करायची तर वाचावे लागतेच. एका महिन्यानंतर कामावर येऊ नये, असा मजकूर होता. सूनबाईंच्या राज्यात दिवसभर घरी बसायचे, या कल्पनेने काकांनी मजकूर आणखी दोनदा वाचून पाहिला.

"घाला की कोटासकट यंत्रात!" इस्त्रीवाली म्हणाली. "लगदा होईल. दुसरं लिहायला मालकांना वर्ष लागेल."

"खिशातली वस्तू कोटवाल्याची."

"अहो, वर नाव तुमचं आहे ना?"

"हातात पडेल तेव्हा माझं. अजून पडलेलं नाही."

इस्त्रीवालीने कपाळावर हात मारला. दुसऱ्या हातात इस्त्री होती, नाहीतर दोन्ही मारले असते.

संध्याकाळी चार गिऱ्हाइके उभी असताना काकांनी मालकांपुढे पाकीट ठेवले. "फणी एक, तीन दात कमी. पत्र एक, मला कामावरून काढल्याचं, न दिलेलं. सही इथे."

गिऱ्हाइकांनी कान टवकारले. मालकांनी खाली मान घालून सही केली आणि पत्र चुरगाळायला मूठ आवळली. गोष्ट तिथेच मिटली असती. पण काकांनी चष्मा सारखा केला.

"चुरगाळू नका. वर नाव माझं आहे. आता ते पोचवायची जबाबदारी तुमची."

मालकांनी पत्र पुढे केले. काकांनी ते निरखून परत काउंटरवर ठेवले.

"तारीख अकरा दिवसांपूर्वीची आहे. मला आज मिळालं. महिना आजपासून."

तारीख बदलली गेली. काकांनी रीतसर पोच लिहून दिली.

अशा रीतीने प्रामाणिकपणाने त्यांना अकरा दिवस जास्तीचे मिळवून दिले. त्या अकरा दिवसांत दुकानाची आणखी तीन गिऱ्हाइके समोर गेली.