खळ्यावरचं बलुतं
नव्या ज्वारीचा वास आला की मला चिंचवडचं एक खळं आठवतं. आमचं विद्यापीठ नुकतंच उभं राहत होतं. मी तिथे इमारतींचे नकाशे काढायचो आणि देणग्या मागायला आमच्या एका प्राध्यापकांबरोबर गावोगाव हिंडायचो. खळ्याच्या मालकाने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सुतार-लोहारांना वर्षभराच्या कामाबद्दल घातली तशी सूपभर ज्वारी आमच्याही पिशवीत ओतली. एवढ्यासाठी का पायपीट केली, म्हणून मी परतताना कुरकुरत होतो. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो बैलगाडी घेऊन थेट आमच्या कचेरीपुढे उभा राहिला. गाडीत ज्वारीचं पोतं होतं आणि मॅट्रिक झालेली त्याची लेक. "औंदा तुमी खळ्यावर आला न्हाई, म्हणून आमीच बलुतं घेऊन आलो," तो म्हणाला. "आता तुमचं काम करा. हिला हितंच ठेवून शिकवा." मी म्हणालो, "अहो, ती देणगी होती." "देणगी देवाला देत्यात. तुमी बलुतं घेतलं हाय." प्राध्यापक माझ्याकडे बघू लागले. माझ्या नकाशात मुलांची वसतिगृहं होती, मुलींचं एकही नव्हतं. प्राध्यापकांनी मुलीला पोत्यासकट आपल्या घरी नेलं आणि मी त्याच दुपारी मुलींच्या वसतिगृहाची जागा आखली. आज त्या इमारतीवर दुसऱ्याच कुणा देणगीदाराचं नाव कोरलेलं आहे. ते वाचलं की मला अजून राग येतो.